माझी झाकलेली अरबी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही, लेकाला माहीत नाही. पाठच्या बहिणीला माझं सगळं माहीत असतं, पण तिलाही हे नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर बसला असता तर सांगितलं असतं का? नसतं. चार माणसांत मला कोणी काही विचारलं तर मी गांगरते, आणि मग खरं-खोटं जे आधी ओठावर येईल ते निघून जातं.

पण माझ्या लाजाळूपणावर सगळं ढकलायचं नाही, हे आधीच ठरवून बसले आहे. बघू जमतं का.

आमचा तांडा उमरखेड तालुक्यात आहे. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो, बाजारात मराठी. शाळा मी चौथीपर्यंत केली. पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता, तिथवर मला कोणी धाडलं नाही. लग्न झालं, लेक झाला. पुढे नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं. त्याच्यानं जड काम होईना, म्हणून मी मस्कतला गेले. पाच वर्षं राहिले.

तिथे काय करत होते? — बघा, इथेच अडखळते मी. घरकाम करत होते. भांडी, फरशी, कपडे, संडास, पोरांच्या शाळेचे डबे. माणसं वाईट नव्हती. जेवायला द्यायची, आजारी पडले तर दवाखान्यात न्यायची. पण मी त्यांच्या घरची कामवाली होते, दुसरं काही नव्हते.

अरबी मी तिथल्या स्वयंपाकघरात शिकले. कानाने शिकले, हाताच्या खुणा बघून शिकले. पहिला शब्द आला तो ‘जीबी’, म्हणजे आण. मग ‘शीली’, म्हणजे उचल. मग ‘रूही’, म्हणजे जा. पूस, घास, लवकर कर, दार लाव, तिकडे नको, त्याला हात लावू नको — असे दिवसाला दोन-चार शब्द गोळा होत गेले. तिसऱ्या वर्षी मला त्या घरातलं सगळं कळायला लागलं. म्हातारीची कुरकुर कळायची, पोरांची खोटी कारणं कळायची, मालकीण फोनवर बहिणीशी कशावरून भांडते तेही कळायचं. मी मात्र बोलायची थोडंच. ‘हो’, ‘झालं’, ‘आता करते’. मला लागायचंच तेवढं.

परत आले तेव्हा आमच्या नायकाच्या ओसरीवर माणसं जमली. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य माणूस. बाहेरून कोणी आलं की त्याच्यासमोर बसायचं, चार गोष्टी सांगायच्या, अशी आमची रीत आहे. मी डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून बसले. घरी फोनवर ‘काम बरं आहे’ याच्यापुढे मी कधी सांगितलं नव्हतं. नायकांनी विचारलं, बाई, तिकडे काम काय होतं? सासू तिथेच बसलेली. तिने तांड्यातल्या कोणाच्या घरी मला कधी धुणं-भांडी करू दिली नव्हती, मोठा अभिमान होता तिला त्याचा. मी म्हटलं, “शाळेत होते. लहान पोरांजवळ.”

नायक म्हणाले, “म्हंजे मास्तरीण?”

मी नाही म्हटलं नाही. मोठी जाऊ म्हणाली, “चौथी पास अन् मास्तरीण? मंग मीबी उद्यापासून कलेक्टर होतो, बाप्पा!” सगळे हसले. पण दुसऱ्या दिवसापासून तांड्यातली पोरं मला ‘मॅडम’ म्हणायला लागली, आणि महिन्याभरात मोठी माणसंही. तो शब्द ऐकला की कसं वाटायचं ते तुम्हाला काय सांगू? पाचवीच्या वर्गाच्या दारातूनसुद्धा ज्या बाईने आत पाहिलं नाही, तिला वाटेत थांबवून लोक मॅडम म्हणतात. खोटं आहे हे मला कळत होतं. आवडतही होतं.

एवढं खोटं तर कोणाचं वाकडं करणारं नव्हतं. तिथेच थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

दोन वर्षांनी उमरखेडला एका सरांनी अरबीचा वर्ग सुरू केला. निवृत्त माणूस, घरात पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या, सगळे त्यांना नाना सर म्हणायचे. तरुणपणी हैदराबादला अरबी शिकले होते, मग एका कंपनीत अरबी पत्रं वाचायची आणि उत्तरं लिहायची असं काम त्यांनी बरीच वर्षं केलं. आखातात जाणारी माणसं अडाण्यासारखी जातात, निदान चार वाक्यं बोलता यावीत, या कळकळीने त्यांनी आपली पुढची खोली रिकामी केली. कोणी त्यांना सांगितलं की अमक्या तांड्यात एक बाई आहेत, तिकडे शाळेत होत्या. सर स्वतः स्कूटरवर आले. म्हणाले, “मॅडम, आठवड्यातून दोनदा येऊन बसा. माझे उच्चार चुकले तर टोका. मला तिकडचा वाराही लागलेला नाही.”

नाही कसं म्हणणार? आणि नाही म्हणावंसं तरी कुठे वाटत होतं?

सरांनी मला स्वतःच्या शेजारी खुर्ची दिली. काकू — सरांच्या मिसेस — कपबशीतून चहा आणून द्यायच्या. समोर नऊ जण बसायचे. दोन ड्रायव्हर, एक टेलर, बाकी बाया. कोणी म्हाताऱ्या माणसाची सेवा करायला जाणार, कोणी मुलं सांभाळायला. त्यांत आमच्या तांड्याची मनीषा होती. नात्याने माझी चुलतपुतणीच लागायची, मला काकी म्हणायची. नवऱ्याने सोडलेली, पदरात नऊ वर्षांची पोरगी. तिसावं सरल्याशिवाय घरकामाला जाणाऱ्या बाईचे कागद होत नाहीत, म्हणून ती वाट बघत थांबली होती. तिची दहावी झालेली होती. वर्गात तिच्यासारखं डोकं कोणाचं नव्हतं. सरांनी एकदा सांगितलं की पुढच्या वेळी तिचं पाठ. उजवीकडून डावीकडे ती अशी सरसर लिहायची की सर उठून बघायला यायचे. घरी जाऊन पोरीच्या पाटीवर तीच अक्षरं काढायची, आणि पोरगी आईचं बघून गिरवायची. त्या दोघींना मी दारात बसून असं करताना पाहिलं आहे.

आणि मला — पहिल्याच दिवसापासून कळलं होतं.

सरांची अरबी चांगली होती. स्वच्छ, इस्त्री केलेल्या कपड्यासारखी. ती अरबी मी मस्कतला ऐकली होती — टीव्हीवर बातम्या लागल्या की, शुक्रवारी मशिदीतून, पोरं अभ्यासाचं पुस्तक मोठ्याने वाचायची तेव्हा. पण बातम्या संपल्या की त्या घरातलं एक माणूस तसं बोलत नव्हतं. कांदा त्या भाषेत कोणी मागत नव्हतं. ‘कुठे’ याला सरांच्या पुस्तकात एक शब्द होता, माझ्या स्वयंपाकघरात दुसरा. ‘मला पाहिजे’ याला एक, आणि तिथे दुसराच. सर जे शिकवत होते ते बोललं तर तिथल्या लोकांना समजलं असतं, पण ते लोक जे बोलणार होते त्यातलं यांना काही समजणार नव्हतं. आणि कामाला गेलेल्या बाईला बोलायचं कुठे असतं? तिला समजायला पाहिजे असतं.

हे मला माहीत होतं. त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं.

तरी मी गप्प होते. सरांना कसं टोकायचं, एवढा शिकलेला माणूस, असं मनाशी म्हणायची. दीड महिना गेला असेल. मग एक दिवस सलीम नावाचा ड्रायव्हर उठून उभा राहिला.

“सर, राग नका येऊ देऊ. माहा मावसभाऊ तिथं टँकर चालवते. त्याले फोनवर तुमचे वाक्य बोलून दाखवले, त हासून हासून पडला. म्हणे, बातम्या सांगून राह्यला का बे?”

वर्ग हसला. सरही हसले. दुसरा कोणी असता तर चिडला असता. सरांनी चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाले, “बरोबरही असेल त्याचं. मला पुस्तकातलीच येते, लपवायचं काय त्यात.” मग माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही सांगा. तिकडे घरात बोलतात ती वेगळी असेल, तर हे पुस्तक मी आत्ता मिटतो. उद्यापासून तुम्ही शिकवा. मी यांच्यात खाली बसून शिकेन.”

नऊ जण माझ्याकडे बघत होते. मनीषा पहिल्या ओळीत, पेन हातात धरून.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं? फार विचार केला आहे यावर. भीती होती, हे खरं. उद्यापासून शिकवा म्हणाले — आणि मी काय शिकवणार होते? आण, उचल, पूस, लवकर कर, हात लावू नको. माझ्याजवळ एवढंच होतं. सगळी माझ्यावर सुटलेली फर्मानं. शाळेत पोरांना शिकवणाऱ्या बाईच्या भाषेत फळा नाही, पेन नाही, ‘खाली बस’ म्हणायला येत नाही, आणि संडास घासायच्या ब्रशचं नाव मात्र येतं — हे कळायला सरांना दोन मिनिटं लागली नसती. मनीषाने संध्याकाळी तांड्यात सांगितलं असतं. सासूपर्यंत गेलं असतं. जावेपर्यंत गेलं असतं.

पण नुसती भीती असती तर मी “मला सांगता येत नाही” म्हणून सुटले असते. तेवढंही चाललं असतं. सरांनी दुसऱ्या कोणाला विचारलं असतं.

मी म्हटलं, “नाही सर. हीच बोलतात. टँकरवाल्यांची वेगळी असेल. चांगल्या घरात हीच बोलतात.”

चांगल्या घरात! हा शब्द मला कोणी शिकवला होता? कुठून आला तो? सलीमचं तोंड उतरलं. तो खाली बसला आणि पुढच्या आठवड्यापासून आलाच नाही. सरांनी मान हलवली, चष्मा घातला आणि पुढचा धडा काढला. आणि मनीषा — तिच्या तोंडावर असा उजेड आला होता! आपण चांगल्या घरातली भाषा शिकतो आहोत, या आनंदाचा.

घरी जाताना जीपमध्ये ती मला म्हणाली, “काकी, तुम्ही होत्या म्हणून बरं झालं. नाहीतर त्या सलीमच्या नादानं सगळे भरकटले असते.”

चार महिन्यांनी ती गेली. मस्कतलाच. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीजवळ तिला काम मिळालं. पोरीला तिने आईकडे ठेवलं. जाताना माझ्या पाया पडली.

दीड महिन्याने तिचा फोन आला. दुपारची वेळ होती, मी तूर पाखडत होते. आवाज बारीक झाला होता तिचा.

“काकी, इथं मले काहीच समजून नाही राह्यलं. मी बोलतो त हे लोक हासतात. पाहुणे आले का मले बलावून घेतात, मुद्दाम बोलाले लावतात, अन् हासतात. बुढी दिवसभर काहीतरी मांगते. मी पाणी नेतो, गोळी नेतो, त रडाले लागते.” मग म्हणाली, “हे लोक दुसरंच काही बोलतात का वं काकी? का माहंच डोकं चालून नाही राह्यलं?”

वर्गात नऊ माणसं होती, सर होते, खुर्ची होती. इथे कोण होतं? अंगणात मी एकटी. माझ्या एका कानाला ती. कोणी ऐकणारं नव्हतं. म्हातारी काय मागत असेल ते मला तिथे बसल्या जागी माहीत होतं — कूस बदलून दे म्हणत असणार, उशी काढ म्हणत असणार. मस्कतला मी होते त्या घरची म्हातारीही शेवटी-शेवटी तेच मागायची. त्या दोन गोष्टींचे शब्द मी फोनवर सांगू शकत होते. वीस शब्द सांगितले असते तर तिचं काम धकलं असतं. ती हुशार होती, बाकीचे तिने स्वतः गोळा केले असते. फार तर तिने विचारलं असतं, काकी, हे तुम्हाला कसं माहीत? आणि मग वर्गात तसं काहून म्हणाल्या?

तेवढ्यासाठी मी म्हटलं, “ध्यान देऊन ऐकत जाय. नवं नवं असं होते. येईन तुले.”

वर्गातल्या त्या उत्तराला कोणी लाज म्हणेल, कोणी भीती म्हणेल. या उत्तराला काय म्हणाल? मला तरी दुसरा शब्द सापडला नाही. मी तिला बुडू दिलं.

त्यानंतर तिने आणखी दोनदा फोन केला. मी उचलला नाही.

पाच महिन्यांत त्या घराने तिला एजन्सीच्या माणसांकडे परत दिलं. म्हातारीची आबाळ करते, सांगितलेलं ऐकत नाही, असं म्हणाले. तिथे एका खोलीत तिला इतर बायांबरोबर ठेवलं, आणि दुसरं घर मिळेना म्हणून शेवटी धाडून दिलं. ती परतली तेव्हा नायकाच्या ओसरीवर माणसं जमली. तिने मान खाली घालून सांगितलं, “मले जमलंच नाही. भाषा नाही आली मले. डोक्यात भुसा हाये माह्या.” कोणी हसलं नाही. मी बायांमध्ये बसले होते. नायक म्हणाले, अगं, तुला तर मॅडमने शिकवलं होतं. ती म्हणाली, “त्यांनी बरोबरच शिकवलं. माह्यातच खोट हाये.”

सर भेटायला आले तेव्हाही ती हेच बोलली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून हसून बोलली. पुढे ते वर्ग बंद करून मुलीकडे नागपूरला गेले. त्यांनाही हेच माहीत आहे, की मुलगी कष्टाळू होती पण भाषेत कच्ची निघाली.

जिच्या अक्षराकडे बघायला ते उठून यायचे, ती.

मनीषाने त्यानंतर पेन हातात धरलेलं मी पाहिलं नाही. बचत गटाच्या वहीवर सही करायची तरी म्हणते, काकी, तुम्ही वाचून सांगा, मला काही समजत नाही. मी! चौथी शिकलेली मी तिला वाचून सांगते. दहावी शिकलेली बाई माझ्या तोंडाकडे बघत ऐकते. ती हे नाटक करत नाही. तिला खरंच वाटतं. अशी किती वर्षं झाली — आठ. या आठ वर्षांत रोज, कोणत्याही दिवशी, मी तिला एक वाक्य सांगू शकले असते. तुझं डोकं चांगलं होतं, आम्ही तुला भाषाच दुसरी दिली. एवढंच. रोज सकाळी आम्ही एकाच नळावर पाणी भरतो.

आता यंदाचं सांगते, म्हणजे संपलं.

तिची पोरगी यंदा बारावी झाली. चांगल्या मार्कांनी झाली. तिला नर्सिंगला जायचं आहे, यवतमाळला. फॉर्म तिने स्वतः शोधून काढला, शाळेच्या बाईंनी मदत केली. मनीषाने नाही म्हटलं. पोरगी रडली, जेवली नाही. तेव्हा मनीषा माझ्याकडे आली, मोठ्या माणसाचा सल्ला घ्यायला. मॅडमचा सल्ला.

“तिथं सगळं इंग्रजीत असते म्हणते, काकी. ते हिच्यानं होईन का? माहीच पोरगी ना ती. डोकं माह्यावानीच असन. माह्यासारखी परत आली मान खाली घालून, त मी काय करू? मी भोगलं ते बस झालं. तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणान त भरतो फॉर्म.”

ती माझ्या चुलीजवळ बसली होती. घरात आम्ही दोघीच. पाटीवर आईचं बघून उजवीकडून डावीकडे अक्षरं गिरवणारी ती नऊ वर्षांची पोर माझ्या डोळ्यांसमोर होती. सांगायला मला कोणाचीच आडकाठी नव्हती. सासू जाऊन तीन वर्षं झाली. जाऊबाई मुलाकडे असते. तांड्यात आता कोणती बाई मस्कतला काय काम करत होती, याची कोणाला पडली आहे? निम्म्या घरांतल्या बाया पुण्या-मुंबईत घरकामच करतात आणि तसं सांगतातही.

मी म्हटलं, “तू आई आहेस. तुला जास्त कळतं.”

ती मग उठून गेली.

फॉर्म भरायची शेवटची तारीख गेल्या शनिवारी होती. मला ती पाठ होती, पोरीनेच सांगितली होती. शुक्रवारी दिवसभर मी घरी होते, शनिवारीही होते. त्यांचं घर माझ्या घरापासून चार घरं सोडून आहे. मी गेले नाही.